खालचा आकडा

पहाटे अडीचला उठते. दिवा लावत नाही.
आधी ती इवलीशी गोळी, घोटभर कोमट पाणी,
आणि मग अर्धा तास काहीच नाही.
चहा नाही, भात नाही. दाबाची गोळीही नंतर,
थायरॉइडची एकटीच आत जायला हवी,
नव्या सुनेसारखी, कुणी मध्ये बोलायचं नाही.

तोकुजी तेवढ्यात बूट चढवून किनाऱ्यावर जातो.
धुकं किती, लाट किती, आज निशाण चढेल का.
निशाण चढलं की नावा सुटतात,
आणि सकाळी आमच्या गोट्यांच्या अंगणात
कोंबूच्या काळ्या ओल्या पट्ट्या पसरतात,
माणसाहून लांब, एकेक हातानं सरळ केलेली.
सेहेचाळीस उन्हाळे मी त्या सरळ केल्या.
लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणाली होती,
वाकायला शीक, बाकीचं समुद्र शिकवेल.

तीन हिवाळ्यांपूर्वी मी मंदावले.
तीन रजयांखाली पाय गार.
भुवयांची टोकं कुठं गेली, आरशालाच माहीत.
फोनवर उत्तर द्यायला इतका वेळ लागायचा
की याएको म्हणाली, फुसाए, तू रागावलीस का माझ्यावर?
रागावायलाही अंगात धग लागते.
सगळे म्हणाले, वय. मीही म्हणाले, वय.

दवाखान्यातला इगाराशी, साप्पोरोहून आलेला,
नातू शोभेल एवढा,
त्यानं दंडाला पट्टा आवळला आणि गप्प बसला.
एकशे बावन्न. खाली एकशे चार.
म्हणाला, तुमचा खालचा आकडा उतरायला तयार नाही.
गळ्यातली ग्रंथी पेंगते आहे,
आणि ती पेंगली की रक्तवाहिन्या मुठी आवळून बसतात.
मग विचारलं, रोज सार कशाचं पिता?

मी हसले. नर्सही हसली.
खिडकीबाहेर बघा ना, म्हटलं, काय वाळतंय ते.

तो नाही हसला.
दूरच्या देशांत म्हणे आयोडीन मिठात घालतात,
कमी पडतं म्हणून. आमचा समुद्र सढळ हाताचा,
वाटीत वाटीभर ओततच राहिला,
आणि कधी कधी अति देण्यानंही
घेणारा हात गळून पडतो.
सगळ्यांचं असं होत नाही, तो म्हणाला.
शेजारणीचं झालं नाही. माझं झालं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. जागले.

त्या रात्री सारात कोंबू नाही, मिसो निम्मा,
तळाशी मुळ्याच्या चार चकत्या.
तोकुजीनं एक घोट घेतला. सोया सॉसची बाटली उचलली,
माझ्याकडे बघितलं, परत ठेवली.
एवढंच. पण त्या दिवसापासून
तोही तेच कढत पाणी पितो,
आणि सोसायटीच्या माणसाला सांगतो,
यंदाचा माल चवीला एक नंबर.

शरदात एकदा मी चोरी केली.
आकडे छान आले होते, एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर,
वाटलं, बरी झाले. दाबाची गोळी बंद केली, नऊ दिवस.
दहाव्या दिवशी गोट्यांवर वाकले
आणि कानात लाट फुटली, समुद्र शांत असताना.
इगाराशीला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही.
म्हणाला, गोळी चालू होती म्हणून ते आकडे तुमचे होते.

आता वहीत लिहिते. वही सोसायटीचीच.
पुढून कोंबूचं वजन, किलोत,
मागून माझा दाब, सकाळ-संध्याकाळ.
दोन्ही हिशेब मधल्या पानाकडे सरकताहेत.
कुठं भेटतील, बघितलेलं नाही.

आणि हा अर्धा तास.
आयुष्यात मी कधी हात मांडीवर ठेवून बसले नव्हते.
पहिल्या महिन्यात बोटं वळवळायची, काहीतरी सरळ करायला.
आता बसते. भिंतीवरचं घड्याळ ऐकते,
बाहेर तोकुजीचे बूट गोट्यांवर वाजतात,
करकर, थांबतात, करकर.
थांबले म्हणजे तो निशाणाच्या खांबाकडे बघतोय.

अजून सात मिनिटं.