कामाची नाही

घाई चालत नाही.
साठ मिनिटांची टेप साठ मिनिटंच घेते.
पाचकंदीलच्या बोळात शकूरभाईनं तीनदा बजावलं,
'पेन ड्राइव्ह नाही भाऊ हा, बसावं लागेल.'
वायर त्यानंच शोधून दिली,
एका टोकाला चार पिना, दुसऱ्याला सहा,
आणि एका बंद पडलेल्या छापखान्यातला संगणक,
ज्याच्या पाठीला ते भोक अजून शिल्लक होतं.

कॅमेरा सुरतच्या मामाचा, दोन हजार चारचा.
बॅटरी मेली. झाकणाला रबरबँड.
एसटीच्या दारासारखं दोनदा आपटलं
तरच टेप आत घेतो.

लेबलं नानांच्या अक्षरात,
डेपोच्या रजिस्टरात लिहावीत तशी, खाली रेघ मारून:
कानबाई, बोरकुंड.
सुनीचं लग्न, एक.
सुनीचं लग्न, दोन, अर्धी.
कामाची नाही.

बोरकुंडच्या टेपवर बुरशी.
काकूच्या हातांवर मांडा पसरत कोपरापर्यंत येतो
आणि तिथंच चित्र चौकोनाचौकोनात फुटतं.
तो पुढं खापरावर पडला की नाही
टेपला माहीत नाही.
आम्ही खाल्ला, एवढं मला आठवतं.

मग ही शेवटची.
काळं. नुसतं काळं. आकडे मात्र पळतायत.
कॅमेरा चालूच राहिला असणार, पिशवीत, टोपण लावलेला.
संगणक विचारतो, रिकामा भाग वगळायचा?
माझं बोट कळीवर,
तेवढ्यात आतून पिशवीची खसखस, एक हॉर्न,
आणि

'वांगास्ना काय भाव शे वं माय?'

एकोणतीस वर्षं धुळे डेपोच्या कंट्रोल रूममधून
शिरपूर, चोपडा, नवापूर, फलाट क्रमांक सहा
म्हणणारा आवाज.
गळ्याच्या ऑपरेशनला आता सात वर्षं झाली.
भोकावर रुमाल असतो.
बोलणं म्हणजे भुवया, बोटं,
मोबाइलवर मोठ्या अक्षरात टाइप केलेले दोन-तीन शब्द.

'भरीतनं वांगं शे हाई, भाजीनं नही. बारा रुप्या.'
'दहानं दे. दोन किलो लेस.'

स्वयंपाकघरातून आई ओरडली, 'कोन उना रे?'
आणि पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.
पडद्याकडे बघितलं. पडदा काळा.
खाटेकडे बघितलं.
पुन्हा विचारलं नाही तिनं.

नाना पेपरची घडी घालत होते.
घडी अर्धी राहिली.
हात पुढं करून त्यांनी तळवा वर उचलला: आवाज वाढव.
वाढवला.
तराजूची साखळी वाजली, वांगी पिशवीत पडली,
बहुतेक कॅमेऱ्यावरच.
नानांनी मान हलवली, मोबाइल ओढला,
एका बोटानं लिहिलं:
पावशेर कमी भरली होती.

मग स्टँड. ओळखू येतोच तो, अंधारातही.
रजेच्या दिवशी, खांद्याला पिशवी लावून
हा माणूस कुणा अनोळख्याला सांगतोय,
'साक्रीनी गाडी तठे लागनी. पय, पय!'
चपलांचा आवाज लांब गेला.
फेरीवाला मध्येच ओरडला.
मी थांबवणार होतो.
नानांनी हवेत बोट उलटं फिरवलं.

मागे घेतलं.
पय, पय. चपला. फेरीवाला.
नाना पुढं झुकलेले, कान पडद्याला लावावा तसे.
फेरीवाल्याच्या ओरडण्याखाली, फार बारीक,
कंडक्टरची घंटी.
एकदाच. थांबलेली.
दार आपटलं, एकदा, दोनदा.
मग डबल.

मोबाइलवर एकच शब्द आला: भेटनी.

रिकामा भाग वगळायचा?
नाही.
टेप अजून बावीस मिनिटं काळी आहे.
आई खाटेच्या कडेला टेकली, हातावरचं पीठ वाळत चाललेलं.
आम्ही बसलोय.