हंडी वीतभर खाली

यंदा काल्याला कृष्ण मिळेना.
पाच ते दहा वयाचा मुलगा लागतो, रीतच तशी,
आणि घरयादी माझ्याकडे, म्हणून सगळे मलाच,
"बाई, बघा जरा तुमच्या वहीत."

बघितलं.
मधल्या वाड्यावर एक्याण्णव घरं, बावीस कुलुपं,
सत्तरीपुढची अठ्ठावन्न माणसं,
दहाच्या आतली पाच.
त्यातल्या चार मुली, एक तान्हा.

माझी आई आठ वेळा बाळंत झाली.
तेव्हा पिळगावची वयं एकावर एक रचली असती
तर मळणीनंतरची रास दिसली असती,
तळाशी पसरट, टोकाला चिमूटभर म्हातारे.
आता आकडे मांडले की घुमट दिसतं,
वरचं तोंड रुंद, कातडं ताणलेलं,
मधे पोट,
आणि खालचं तोंड एवढंसं
की एका तळव्यानं झाकावं.

मलाही एकच.
दुसरं नको म्हटलं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.
पगार, डिचोलीचं भाडं, माझी पाठ,
इतकाच हिशेब.
गावाचा आकार कुणी विचारला नव्हता.
विचारला असता तरी मी नकोच म्हटलं असतं.
प्रेमावतीनंही म्हटलं. सुलक्षानं तर एकही नको म्हटलं.
शहाणी, हळू आवाजातली उत्तरं ती,
आणि तीस वर्षांनी
देवळापुढच्या चटया उचलल्या जातात.

हो, चटया. पुढच्या सात रांगा असायच्या,
पोरं पेंगायची त्यांवर, मुतायचीही.
आता खुर्च्या थेट मंचाला टेकल्यात
आणि कडेला एकशेआठची गाडी, दिवे बंद करून.

शेवटी पुनो मळीक उठला. वय त्रेसष्ट.
सहाव्या वर्षी हाच कृष्ण होता.
मुकुट डोक्यात जाईना, नाडीनं बांधला.
गौळणी झालेले तिघे बाप्ये
साड्या सावरत, गुडघे धरत हसले.
हंडी दरवर्षी वीतभर खाली येते,
चढायला कुणी नाही.
यंदा पुनोनं नुसता हात वर केला,
लागली.

लाह्या उडाल्या, दही सांडलं, टाळ्या झाल्या.
मग त्या चौघींतली एक
माझ्या खुर्चीमागून स्पष्ट म्हणाली,
"मी केला असता."

कुणी वळून पाहिलं नाही.
वही पिशवीतच होती, उघडायची गरज नव्हती.
दुर्वा. वय सात.