अंगवळणी

पाइप फुटला तेव्हा मी सहा वर्षांची होते.
आता बत्तीस.
आमच्या खाडीच्या काठाला बोट लावलं
तर नखात अजून काळी रेघ राहते.
साबणाने जात नाही. रॉकेलने जाते,
म्हणजे तिच्याच भावंडाने.

माझं काम सांगण्यासारखं नाही.
उकरलेली माती ताडपत्रीवर पसरायची,
युरिया टाकायचा, थोडं फॉस्फेट, पाणी,
दर तीन दिवसांनी फावड्याने खालचं वर.
"शेती करतेस की काय, नुबारी?"
डीझुआ आत्या विचारते.
करते. पेरत मात्र काही नाही.
ते आधीच तिथे आहेत.

इन्यांगबाईंनी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.
तेलाच्या थेंबाभोवती दाटीवाटीने,
एका ताटाला सात पोरं बसावीत तसे.
"कुठून आणले?" मी विचारलं.
"इथलेच. पूर्वी तिवराच्या पानांवरचं मेण खायचे,
चिखलात पडलेलं, चिमूटभर.
तेल आलं, आणि त्यांच्या दारात डोंगर उभा राहिला."

डोंगर, पण विषाचा.
तो आधी त्यांचीच कातडी सैल करतो.
मग ते कातडीतले वाकडे धागे सरळ करून
वीण आवळून घेतात,
आणि तरीही जे आत झिरपतं
ते उपसत राहतात, बाहेर, बाहेर,
गळक्या होडीतून डब्याने उपसावं तसं.
हात थांबला की बुडाले.
निम्मी ताकद त्यातच जाते.
उरलेल्या ताकदीवर जेवायचं.

आत्या म्हणाली, "आमच्याही अंगवळणी पडलंय की.
पण आम्हाला ते खाता आलं नाही."

साबण त्यांच्याकडेही आहे,
स्वतःच्या अंगातून पाझरलेला.
त्याने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात.
सरळ साखळ्या आधी संपतात,
फाटे फुटलेल्या मागाहून,
कड्या अगदी नाइलाजाने.
डांबराला कुणी तोंड लावत नाही.
आणि एवढं अन्न पुढ्यात असून
नायट्रोजन नसेल तर हात आखडतो,
मीठ नसलेल्या जेवणावर आखडावा तसा.
म्हणून युरिया. म्हणून मी.

कंपनीचा साहेब आला होता, पांढरे बूट घालून.
ऐकून त्याचा चेहरा उजळला.
"म्हणजे निसर्गच करतो की सगळं!"
मी फावडं त्याच्या हातात दिलं.
बराच वेळ तो ते धरून उभा होता,
ठेवायला स्वच्छ जागा शोधत.

हाताभर खाली हवा पोचत नाही.
तिथे ते गुदमरतात,
तेल मात्र जसंच्या तसं,
सव्वीस वर्षांचं आणि ताजं.
हे अहवालात नवव्या पानावर आहे.

काल ओहोटीला आत्या
परत टाकलेल्या मातीवर गेली.
शंख वेचायची टोपली घरीच ठेवून गेली होती,
ते माझ्या लक्षात आलं.
वाकली, चिमूटभर चिखल उचलला,
हुंगला, जिभेला लावला, थुंकली.
"आहे अजून," म्हणाली.
मग जरा थांबून, "पण कमी."

बाईंच्या यंत्राचा आकडा शुक्रवारी येईल.
मी आज पाचवा ढीग उलटते आहे.
खालचं वर.
त्यांना श्वास घेता यावा म्हणून.