वरच्या मजल्याचा नाद

माझं छत म्हणजे त्याची जमीन.
वूच शहरातल्या या राखाडी इमारतीत
अकरा वर्षं आम्ही दोघं
एकाच स्लॅबच्या दोन बाजूंना राहिलो.
जिन्यात भेटलो तर "थंडी वाढलीय" एवढंच.

झेनॉन लिफ्ट दुरुस्त करायचा.
दिवसभर केबल, ग्रीस, मध्येच अडकलेली माणसं;
रात्री पावणेअकराला इस्त्रीच्या टेबलावर
सिंथेसायझर मांडायचा
आणि एकच सूर दाबून धरायचा.
गाणं नाही. गाणं असतं तर मी समजून घेतलं असतं.
एकच सूर, आणि त्याच्या पोटात काहीतरी
केसाएवढं सरकवत राहायचं, तासन् तास,
जशी मी औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं
पारड्यात कणभर टाकायचे, कणभर काढायचे.

मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे.
एकदा, म्हणजे: बास.
तो थांबायचा. दहा मिनिटं.
मग पुन्हा, चोरपावलांनी.

नाद वाईट, माझी आई म्हणायची,
पत्त्यांचा असो, बाटलीचा असो.
नादाचाच नाद लागलेला माणूस
तिने पाहिला नव्हता.

खरं सांगते, काही आवाज मला ओळखू येऊ लागले.
एक होता ओल्या लोकरीसारखा.
एक, डॉक्टरने नाव पुकारण्याआधीच्या शांततेसारखा.
एक इतका बारीक की दातांतून ऐकू यायचा;
त्या रात्री दांडा मोडला.
आणि एक...
त्याला मी काहीच म्हणत नव्हते.
तो लागला की नवा दांडा
भिंतीला टेकवून ठेवायचे.

मग फेब्रुवारीत नऊ रात्री काहीच नाही.
दहाव्या दिवशी मी वर गेले,
निमित्त म्हणून बशीत
खसखशीच्या केकचा तुकडा.

यंत्राचं पोट उघडं होतं.
त्याच्या तळहातावर नाण्याएवढा सेल.
"हा संपला," तो म्हणाला,
"आणि चौसष्टच्या चौसष्ट गेले."
आत जागा तेवढीच;
नवा आवाज ठेवायचा तर जुना एक पुसायचा.
म्हणजे प्रत्येक जण कुणाला तरी घालवून राहायला आलेला.
लिफ्टच्या तपासणीच्या वहीत त्याने आकडे टिपले होते,
पेन्सिलीने, सुवाच्य. त्रेसष्ट पानं.
एक्केचाळिसावं कोरं.
"तो पुरा झालाय असं कधी वाटलंच नाही," तो म्हणाला.
"म्हणून लिहिला नाही."

कुठला, ते मी विचारलं नाही.
कोट काढला, स्टुलावर बसले.
"त्यात कापूर होता," मी म्हणाले.
त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एक बटण फिरवलं.
"इतका नको. आधी काहीच नसायचं,
मग कुणीतरी खांद्याने दार ढकलल्यासारखं.
आणि शेवट... शेवट झिजायचा, साबणासारखा."
"म्हणजे रिलीज लांबवायचा," तो पुटपुटला,
जणू आम्ही एकाच दुकानात उमेदवारी केली होती.

पहाटेचे दोन वाजले.
सापडला नाही.
जवळ आला, अगदी जिन्यापर्यंत,
आणि वळून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला.
जो हाती लागला
तो आम्ही एक्केचाळीसवर ठेवला.
नावाला आठ अक्षरांची जागा असते.
त्याने लिहिलं: झाडू.
केक तसाच राहिला होता, वरून वाळलेला;
उभ्याउभ्याच संपवला.

आता दोनदा ठोकलं तर: अजून थोडा उघड.
तीनदा: अरे थांब, मागे जा,
आत्ता होतं तेच.

काल मी तीनदा ठोकलं.
तो मागे गेला, लगेच गेला,
बटणाची टकटक मला खाली ऐकू आली.
पण ते तिथे नव्हतं.