वाऱ्याची बाजू

पाण्यावर उतरणाऱ्या त्या छोट्या विमानात
रायफल आत बसते,
निकोन मामाच्या गुडघ्याला टेकून, मानाच्या पाहुण्यासारखी.
माझा फवाऱ्याचा डबा बाहेर,
विमानाच्या पायातल्या होडीला चिकटपट्टीने बांधलेला.
आत फुटला तर तिघंही समुद्रात, वैमानिक म्हणतो.
म्हणजे जे मारतं ते आत उबेला,
जे नुसतं रडवतं ते बाहेर गारठ्यात.
मामाला हसायला एवढंही पुरतं.

नदीच्या मुखाशी आम्हाला सोडून विमान कोडियाकला परत गेलं.
आता सहा आठवडे मी पाण्यातल्या कुंपणावर बसून
वर चढणारे सॅमन मोजणार.
दर माशामागे अंगठ्याखाली एक खटका.
मोजणारी मी एकटीच नाही.
पलीकडे तोही उभा असतो ढोपरभर पाण्यात,
पोटाने हिशेब ठेवत.
मामा त्याचं नाव घेत नाही. 'मोठा' म्हणतो.
मोठा येऊन गेला रात्री. मोठ्याने बादली चेपली.

पहिल्या संध्याकाळी, केटल उकळेपर्यंत, आमचं नेहमीचं भांडण.
मी म्हणते, डबा बरा. तांबडा ढग उठतो,
फार नेम लागत नाही, हात थरथरला तरी चालतं.
मामा म्हणतो, आणि वारा?
मी म्हणते, आणि तुझा नेम?
झाडीतून तो निघतो तेव्हा
'अरे' म्हणण्याइतकाच वेळ असतो.
तो चष्मा कपाळावर सरकवून
डब्याच्या बुडावरची तारीख वाचतो.
मार्चमध्येच संपलाय हा, अन्फिसा.
गोळीला तारीख नसते.

नसते, खरंच.
त्या मादीला घातलेली गोळी
एकोणीस वर्षं झाली, अजून ताजी आहे.
दोन पिल्लं झाडावर चढून बसली होती,
खाली आई, आणि मामा.
कातडं सोलून, कवटीसकट, सरकारात जमा करावं लागलं.
सोललं की माणसासारखं दिसतं,
एवढंच तो बोलला.
मग तो हिवाळाभर बान्यात, वाफेच्या खोलीत,
कुणासोबत उघडा बसला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी
मी पाणी भरायला गेले. वळणावर तो.
ओला. तोंडात मासा, माशाची शेपटी अजून हलती.
मी खटका काढला, दाबला,
आणि तेवढ्यात आठवलं की वारा समुद्राकडून येतोय,
माझ्याच तोंडावर.

डोळ्यांत निखारे. ठसक्यावर ठसका.
गोट्यांवर गुडघे टेकून मी आईला हाक मारली,
आईला जाऊन नऊ वर्षं झाली आहेत,
मग मामाला.
तो दिसला नाहीच. ऐकू आलं फक्त,
एक फुरफुर,
आणि पाण्यातून चार पाय, अजिबात घाई नसलेले.

मामा माझ्या डोक्यावर बादल्या ओतत होता,
त्याच चेपलेल्या बादलीने.
कधी आलास?
तू दाबायच्या आधीच. त्या खडकामागे होतो.
रायफल?
खांद्याला लावलेली.
मग मारलं का नाहीस?
बराच वेळ नुसतं पाणी.
तो तुझ्याकडे बघत होता, मामा म्हणाला,
तू खोकत होतीस तिकडे. मान वाकडी करून.
कीव आली असेल.
त्याला की तुला?
वारा बघत होतो मी, मामा म्हणाला.

परतताना डबा त्यानेच बांधला, तो रिकामा डबा,
होडीला पट्टीचे तीन फेर, वर एक जादा.
रायफल आत घेतली, नळी खाली,
आणि सबंध वाटेत तिच्यावर हात ठेवला नाही.

माझ्या वहीत त्या दिवशी
दोन ते सव्वातीन कोरं आहे.
तेवढ्या वेळात किती मासे वर गेले
कुणालाच माहीत नाही.
एक गेला नाही, इतकं मी सांगू शकते.