डबीवरचा देश

रविवार कारंज्याच्या बोळात, जिन्याखाली
माझी दहा बाय आठची लॅब.
प्लास्टर, मेण, स्पिरिटचा दिवा,
आणि फडताळात दातांच्या डब्या.
पुढचे सहा, मागचे आठ,
मेणाच्या पट्टीवर गुपचूप उभे,
मास्तर येण्याआधीच्या वर्गासारखे.
डबीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय
लिख्टेनश्टाइन.
कितीतरी वर्षं मी ते कंपनीचं नाव समजत होतो.

मग नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले भामरेमामा
कवळी करायला आले,
डबी पाहिली आणि खुर्चीतून उठलेच,
"अरे, हा तर तिकिटांचा देश!"
जन्मभर इथली तिकिटं छापली त्यांनी,
घरी अल्बमात मात्र तिथली जमवली.
खिशातून एक काढून दाखवलं,
डोंगर, डोंगरावर राजाचा वाडा,
भोवती करकरीत दातेरी कड.
एकही दात पडलेला नाही, ते म्हणाले,
आणि बोळकं पसरून हसले.

माझ्या पोरीला तो एका मार्काचा प्रश्न:
स्वतःला समुद्र नाही, शेजाऱ्यांनाही नाही.
वरच्या मजल्यावरच्या सीएकडचा पोऱ्या
आवाज खाली आणून विचारतो,
"तिथं म्हणे लोक पैसे ठेवतात?"
जसा काही मीच परवा ठेवून आलोय.
माणसं किती, तर चाळीस हजारांच्या आसपास.
सिंहस्थात आमच्या एवढ्या तर चपला हरवतात.

मी काही कुणाशी वाद घालत नाही.
मला त्या देशाचा रंग माहीत आहे,
किंचित पिवळसर, कडेला दुधी,
तपकिरीला चार नंबर अलीकडे.

गिरणाऱ्याचे यादवराव थेटे आले
तेव्हा तोंडात एकच दात, तोही हलता.
नवी कवळी बसवली की मी "शेवग्याची शेंग" म्हणायला लावतो.
स आणि श सुटले नाहीत
तर पुढचे दात घासावे लागतात.
त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक,
म्हटलं, बाबा, या देशाचं नाव घ्या.
पहिल्यांदा थुंकी उडाली.
दुसऱ्यांदा कवळीच हातात आली.
तिसऱ्यांदा असं खणखणीत म्हणाले
की बोळातला भंगारवाला थांबला.
मग आरशाकडे बघत, हळूच,
"सुशीला."
तीन वर्षं "हुहीला" म्हणत होते,
असं नंतर सून म्हणाली.

काल सुशीलाबाई एकट्याच आल्या.
कपाळ मोकळं, पिशवीत स्टीलचा डबा,
डब्यात ओल्या फडक्यात ती कवळी.
"नेताना घाईत ग्लासातच राहिली.
कुणाच्या कामी येईल का?"
नाही म्हटलं, आजी,
एकाचं तोंड दुसऱ्याला बसत नाही.
"मग रामकुंडात सोडू?
तिथं हाडंसुद्धा विरघळतात म्हणे."
हे नाही विरघळायचं, मी म्हणालो,
आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

त्या बसून राहिल्या.
मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी
ते काहीतरी पुटपुटत असायचे.
थोरला म्हणे मंत्र आहे,
सुनेला वाटलं कुण्या बाईचं नाव.
लिक्ट... लिश्टे...
देव आहे का हो कुणी?"

मी डबी त्यांच्यापुढे धरली.
अक्षरावर बोट ठेवून, सुटं सुटं करून म्हणालो.
त्यांनी म्हणून पाहिलं.
त्यांचे पुढचे दोन नाहीत,
श जिथं तिथं वारा झाला.
"गाव लांब आहे?"
लांब आहे.
"नदी आहे?"
आहे, म्हटलं, एका कडेनं वाहते.
"मग बरंय," त्या म्हणाल्या,
डबा पिशवीत घातला,
आणि जिन्याला डोकं लागू नये म्हणून
वाकून बाहेर पडल्या,
ओठ हलत होते.