दोनशे सतरा

श्रीरंग मनातल्या मनात गुणाकार करतो
तेव्हा त्याचे ओठ हलतात.
अठरा वर्षं मी ते ओठ वाचत आले आहे
मेनूकार्डाच्या वरच्या कडेवरून.

पहिल्या वर्षी, रुवीतल्या मल्याळी हॉटेलात
पराठा एक, दोघांत. चहासुद्धा एकच.
वाढणारा बिजू न सांगता
सांबाराची वाटी पुन्हा भरून जायचा.
तेव्हा रियाल एकशे सतराला होता.
मग भाव चढला, चढतच गेला,
मस्कतमधला मासा त्याच किमतीला राहिला
आणि आमच्या टेबलावर महागत गेला.

घासाचे रुपये, रुपयांच्या विटा,
विटांचा तळेगावात एक फ्लॅट
ज्याच्या बाल्कनीत आम्ही आजवर
अकरा संध्याकाळी बसलो आहोत. मोजल्यात मी.

मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला.
त्या गुरुवारी ऑफिसातून आला, बूट काढलेच नाहीत.
"चल."
"कुठे?"
"जेवायला."
कढईत शेपू शिजून तयार. तशीच झाकली.

खुवैरच्या तुर्की हॉटेलात
पाव आला तो फुगून, तान्ह्याच्या उशीएवढा,
आणि हात लावल्याबरोबर सुस्कारा टाकून खाली बसला.
मागून अख्खा मासा, कोळशाचे चटके अंगावर घेऊन.
आम्ही दोघंही घाटावरचे,
काटे काढताना बोलणं बंद.
बिल आलं. मी ओठांकडे पाहिलं.
मिटलेले. एका कोपऱ्याला लिंबाची बी चिकटलेली.

पुढचा गुरुवार कुरमला, समुद्राकाठच्या हॉटेलात.
फिलिपिनो बँड होता. गाणारी रोवेना,
अंगावर निळ्या टिकल्यांचा झगा,
पायात मात्र घरच्यासारख्या सपाट चपला.
माइक घेऊन थेट आमच्या टेबलाशी. फर्माईश सांगा, म्हणाली.
मला इंग्रजी गाणं येतं ते एक, वाढदिवसाचं.
म्हटलं, तुझ्या गावचं म्हण.
तिने वळून गिटारवाल्याकडे पाहिलं,
त्याने मान हलवली, येत नाही.
मग नुसत्या गळ्यावर म्हणाली.
कळलं काहीच नाही. एक शब्द तेवढा
फिरून फिरून दाराशी यायचा: बुलान, बुलान.
नंतर विचारलं तिला.
चंद्र, म्हणाली, आणि पुढच्या टेबलाकडे गेली
जिथे कुणाचा तरी खरंच वाढदिवस होता.

एप्रिलच्या अखेरीस रास अल जिन्झ.
कुरियात गेलं, सूर गेलं,
गाडीत थेपले, कारण सवयी एकदम सुटत नाहीत.
रात्री वाळूवरून रांगेत, बॅटरी बंद, बोलणं बंद,
आणि पुढ्यात ती कासवीण,
वल्ह्यासारख्या हातांनी वाळू मागे फेकत होती,
थोडी माझ्या साडीवर.
वाटाड्या सालेम कुजबुजला,
जिथे जन्मली त्याच किनाऱ्याला परत येते.
श्रीरंगने विचारलं, "आणि मधली वर्षं?"
"समुद्रात, सर.
खाते, पोहते, मजा करते."
शंभर अंडी घालते, सालेम सांगत राहिला,
हजारात एखादं जगतं.
आता मात्र हा हिशेब मांडणार, मला वाटलं.
पण अंधार होता. ओठ दिसले नाहीत.

परतताना तिवीच्या पेट्रोल पंपावर
नुकतं उजाडत होतं. दोन करक, कागदी कपात.
दोनशे बैसा.
बॉनेटला टेकून उभा होता,
आणि ओठ हलत होते.
"किती झाले?" मी सवयीने विचारलं.
"कशाचे किती?"
मग जरा मोठ्याने: "बुलान..."
पुढचं त्याला येत नव्हतं,
आणि येत होतं तेही बेसूर.

चहात साखर फार होती.
आम्ही अजून एकेक घेतला.